दोर्दोन्य नदीकाठची जुनी फ्रेंच गावे : पाच मुक्कामांची मोटार-सहल कशी आखावी?

कौलारू (प्रश्नकर्ती)

नमस्कार मंडळी,

सप्टेंबरच्या अखेरीस नवऱ्याच्या कंपनीच्या कामानिमित्त आम्ही पुण्याहून पॅरिसला जात आहोत. त्याचे काम बुधवारी संपेल आणि गुरुवार सकाळपासून पुढच्या मंगळवारपर्यंत, म्हणजे पाच मुक्काम, आमच्या हातात आहेत. पॅरिस आम्ही दोघांनी पूर्वी पाहिले आहे, त्यामुळे या खेपेला गाडी भाड्याने घेऊन जुनी दगडी गावे, किल्ले आणि आठवडी बाजार पाहावेत असे मनात आहे. बरोबर सासूबाई आहेत. त्यांचे वय ६७ असून सपाटीवर त्या दोन-तीन किलोमीटर सहज चालतात, पण गुडघ्यांमुळे जिने आणि उतार त्यांना जड जातात.

मी केलेला कच्चा आराखडा असा आहे : पहिल्या दिवशी ल्वार खोऱ्यातील दोन राजवाडे, दुसऱ्या दिवशी दोर्दोन्य नदीच्या परिसरातले सार्ला हे जुने गाव, तिसऱ्या दिवशी रोकामादूर पाहून कार्कासोनला मुक्काम, आणि शेवटचे दोन दिवस आग्नेय फ्रान्समधील प्रोव्हान्स. नकाशावर हे सगळे एका रेषेत आल्यासारखे दिसते, पण नवरा म्हणतो की ही सहल नसून मालवाहतूक आहे. तो बारा वर्षे गाडी चालवतो आहे, मात्र रस्त्याच्या उजव्या बाजूने त्याने कधीच चालवलेली नाही, आणि माझ्याकडे परवाना असला तरी मी घाटात चालवायला घाबरते.

आणखी एक अडचण म्हणजे आम्ही तिघेही शाकाहारी आहोत (अंडे चालते, सासूबाईंना तेही नाही) आणि त्याच आठवड्यात घटस्थापना येते. सासूबाईंचा उठता-बसता उपवास असतो. ज्यांनी हा भाग स्वतः गाडीने पाहिला आहे त्यांनी आराखड्यात काय ठेवावे आणि काय काढावे हे मोकळेपणाने सांगावे.

---

गारोनकाठ

तुमच्या यजमानांचे म्हणणे बरोबर आहे. मी अकरा वर्षे तुलूझमध्ये राहतो आणि मायदेशातून येणाऱ्या प्रत्येक पाहुण्याच्या हातात हाच आराखडा पाहिला आहे. ल्वारच्या खोऱ्यातून सार्लाला यायला चार ते साडेचार तास लागतात आणि सार्लाहून प्रोव्हान्सकडे जायला पाच तासांहून अधिक. याचा अर्थ पाचपैकी दोन दिवस तुम्ही महामार्गाच्या कडेचे ध्वनिरोधक कठडे पाहण्यात घालवणार. ल्वार, कार्कासोन आणि प्रोव्हान्स या तिन्ही गोष्टी काढून टाका आणि पाचही मुक्काम नैऋत्य फ्रान्समधील दोर्दोन्य नदीच्या परिसरात, शक्यतो एकाच घरात करा.

हा परिसर निवडण्याचे कारण केवळ सौंदर्य नाही. इथे अंतरे लहान आहेत. सार्लाहून बेनाक दहा-बारा किलोमीटरवर आहे, तिथून नदीपलीकडचा कास्तेलनोचा किल्ला पाच किलोमीटरच्या आत आहे, ला रोक-गाजाक आणि दोम ही गावेही त्याच वळणांवर आहेत. रोकामादूर तेवढे तासाभराच्या अंतरावर पडते. पण नकाशावर दहा किलोमीटर दिसले म्हणून एका दिवसात सहा गावे घालू नका. प्रत्येक गावात गाडी लावणे, तिथून चढून जाणे, दोन ते अडीच या वेळात बंद होणारी जेवणघरे गाठणे, यात दिवस जातो. दिवसाला दोन गावे हे माझे माप आहे, आणि तिसरे गाव संध्याकाळी वेळ उरला तरच.

बहुतेक प्रवासी ही गावे सकाळी अकरा ते चारच्या दरम्यान पाहतात. त्या वेळी बस भरून लोक आलेले असतात आणि गल्ल्यांतून फक्त आइस्क्रीमची आणि बदकाच्या डब्यांची दुकाने दिसतात. सार्लामध्ये मुक्काम असेल तर सकाळी साडेसातला किंवा रात्री नऊनंतर बाहेर पडा. पिवळसर चुनखडीच्या दगडांवर दिव्यांचा उजेड पडलेला असतो, पायांचे आवाज ऐकू येतात, आणि एवढ्याशा गावात इतके वाडे कोणी व का बांधले असतील हा प्रश्न पडायला निवांतपणा मिळतो. हे गाव इतके अखंड राहिले याचे बरेचसे श्रेय आंद्रे मालरो हे संस्कृतिमंत्री असताना ४ ऑगस्ट १९६२ रोजी झालेल्या कायद्याला जाते. सुटी इमारत नव्हे तर जुन्या वस्तीचा अख्खा भाग संरक्षित करून दुरुस्त करण्याची तरतूद त्या कायद्याने केली आणि सार्ला हे त्याचा लाभ मिळालेल्या सुरुवातीच्या गावांपैकी एक. मधोमध जाणारा सरळसोट रस्ता मात्र एकोणिसाव्या शतकात वस्ती चिरून काढलेला आहे. त्याच्या पश्चिमेकडच्या गल्ल्यांत गर्दी फारशी वळत नाही, तिकडे आवर्जून जा.

सासूबाईंच्या गुडघ्यांसाठी गावे चढावरून निवडा. दोम हे उंच पठारावर वसलेले आहे, पण गाडी वरपर्यंत जाते आणि वर सपाटी आहे, शिवाय तिथल्या कठड्यावरून नदीचे खोरे जसे दिसते तसे दुसरीकडून दिसत नाही. बेनाकमध्ये नदीकाठावरून किल्ल्याकडे जाणारी दगडी वाट खडी आहे, मात्र मागच्या रस्त्याने गाडी थेट वर नेता येते. ला रोक-गाजाक हे कड्याला चिकटलेले गाव असून कडा दक्षिणेकडे तोंड करून आहे. दुपारनंतर ऊन त्यावर पडते, तेव्हा खालच्या धक्क्यावरून गाबार नावाच्या जुन्या पद्धतीच्या सपाट होडीतून तासाभराची फेरी मारली की गाव आणि किल्ले दोन्ही बसल्या जागी पाहून होतात. याच कड्याचा एक भाग जानेवारी १९५७ मध्ये कोसळून तीन माणसे दगावली होती. आज तो सगळा कडा इतका शांत दिसतो की सांगितल्याशिवाय खरे वाटत नाही.

पादिराकची भूमिगत नदी प्रसिद्ध आहे, १०३ मीटर खोल उतरून होडीने जायचे असते आणि अनुभव विलक्षण आहे, पण उद्वाहक असला तरी आतल्या फेरीत भरपूर पायऱ्या आहेत. तुम्ही ते वगळावे. त्याऐवजी रुफिन्याकच्या गुहेत जा. तिथे विजेच्या छोट्या गाडीत बसून आत नेतात आणि हजारो वर्षांपूर्वी काढलेली मॅमथची अस्सल चित्रे बसल्या बसल्या पाहता येतात. आत तापमान तेरा अंशांच्या आसपास असते, शाल जवळ ठेवा.

---

जुना_नकाशा

गारोनकाठ यांच्याशी मी बव्हंशी सहमत आहे, पण त्यांच्या यादीत मोंपाझिए नाही हे मला खटकते. ते गाव पाहिल्याशिवाय या भागातील बाकीची गावे तशी का आहेत हे उलगडत नाही.

इथला इतिहास एका लग्नापासून सुरू करावा लागतो. अकितेनची वारसदार एलेनॉर हिने ११५२ मध्ये हेन्री प्लँटाजेनेट याच्याशी विवाह केला, दोन वर्षांनी तो इंग्लंडचा राजा झाला, आणि बोर्दोपासून आतपर्यंतचा हा मुलूख इंग्लंडच्या राजघराण्याकडे गेला. पुढची तीनशे वर्षे फ्रान्सचा राजा आणि इंग्लंडचा राजा यांच्यातली सीमा या खोऱ्यातून पुढे-मागे सरकत राहिली. तेराव्या शतकात दोन्ही बाजूंनी आपापली हद्द पक्की करण्यासाठी नवी गावे वसवली, त्यांना बास्तीद म्हणतात. लोकांनी येऊन राहावे म्हणून करात सवलती दिल्या, घरासाठी सारख्या मापाचे तुकडे आखून दिले आणि मधोमध बाजाराचा चौक ठेवला. फ्रान्सचा राजा तिसरा फिलिप याने १२८१ मध्ये दोम वसवले, तर इंग्लंडचा राजा पहिला एडवर्ड याने १२८४ मध्ये मोंपाझिए वसवले. मोंपाझिएचा आयत साधारण ४०० मीटर लांब आणि २२० मीटर रुंद आहे, रस्ते काटकोनात छेदतात, चौकाभोवती कमानींची ओसरी आहे आणि चौकातल्या लाकडी छपराखाली धान्य मोजायची जुनी मापे अजून आहेत. सगळे गाव सपाट आहे. सासूबाई ओसरीतल्या खुर्चीवर कॉफी घेत बसल्या तरी त्यांचे गाव पाहून झाले असे मी म्हणेन.

दोमच्या पठाराचा आकार वेडावाकडा असल्यामुळे तिथे तोच आराखडा कड्याच्या आकारापुढे वाकला आहे. दोन्ही गावे लागोपाठ पाहिली तर ही गंमत डोळ्यांना दिसते. दोमच्या बुरुजांच्या दरवाजात भिंतीवर कोरलेली चिन्हे आहेत. १३०७ मध्ये धरपकड झालेल्या टेंप्लर या ख्रिस्ती धर्मयोद्ध्यांच्या पंथाच्या सरदारांना इथे कोंडले होते आणि ती चिन्हे त्यांची आहेत, असे सांगितले जाते.

आता किल्ल्यांविषयी. बेनाक आणि कास्तेलनो हे नदीच्या दोन काठांवर एकमेकांसमोर उभे आहेत. शंभर वर्षांच्या युद्धात बेनाक फ्रान्सच्या राजाच्या बाजूला होता आणि कास्तेलनो बराच काळ इंग्रजांकडे. आपल्याकडे एका डोंगरावरून दुसऱ्या डोंगरावरचा किल्ला दिसतो आणि दोन्ही बहुधा एकाच सत्तेचे असतात. इथे मात्र समोरच्या खिडकीत शत्रूने दिवा लावलेला दिसेल इतक्या जवळ दोन सत्ता बसल्या होत्या. कास्तेलनोमध्ये मध्ययुगीन युद्धकलेचे संग्रहालय आहे आणि दगडफेकीची प्रचंड लाकडी यंत्रे तटावर उभी करून ठेवली आहेत. दोन्हींपैकी एकच आतून पाहायचा असेल तर यंत्रांसाठी कास्तेलनो पाहा आणि बेनाक कास्तेलनोच्या गच्चीवरून पाहा. दुरून बेनाकच अधिक देखणा आहे.

पॅरिसहून रेल्वेने बोर्दोला येऊन तिथे गाडी घेतलीत आणि महामार्ग न घेता बेर्जेराकचा जुना रस्ता घेतला तर वाटेत कास्तियों लागते. १७ जुलै १४५३ रोजी तिथे झालेल्या लढाईत इंग्रजांचा सेनापती टॅलबट मारला गेला, फ्रेंच तोफांनी ती लढाई निकालात काढली आणि त्याच्याबरोबर शंभर वर्षांचे युद्धही संपले. म्हणजे गुरुवारच्या एका प्रवासात युद्धाचा शेवट आधी आणि त्याची तयारी नंतर, असा उलट्या क्रमाने इतिहास तुमच्या गाडीसमोरून जाईल. कास्तियोंच्या जवळच सेंतेमिलियों आहे, एकाच खडकातून कोरून काढलेले भूमिगत चर्च तिथे आहे. कैलास लेण्याची सवय असलेल्या डोळ्यांना ते लहान वाटेल, पण गाव सुंदर आहे. उतार मात्र तीव्र आणि दगड गुळगुळीत आहेत, त्यामुळे तुमच्या बाबतीत मी ते सुचवत नाही.

---

चौथा_गिअर

इतिहास उत्तम झाला, मी गाडीपुरते बोलतो. आम्ही दोन वर्षांपूर्वी याच भागात आठवडाभर गाडी चालवली आणि काही धडे पैसे मोजून शिकलो.

भारतीय परवान्याबरोबर आंतरराष्ट्रीय वाहन परवाना न्या. तो आपल्या आरटीओकडून मिळतो, त्यासाठी फॉर्म ४-ए भरावा लागतो आणि त्याची मुदत एक वर्ष असते. तो एकटा चालत नाही, मूळ परवाना सोबत लागतो. गाडी घेताना अनामत रकमेसाठी चालकाच्याच नावाचे क्रेडिट कार्ड मागतात. पासपोर्ट एकाचा, परवाना दुसऱ्याचा आणि कार्ड तिसऱ्याचे, असे करून काउंटरवर तास घालवू नका. फ्रान्समध्ये भाड्याच्या गाड्या बहुधा हाताने गिअर बदलण्याच्या असतात. तुमच्या यजमानांना उजवीकडून चालवणे नवे आहे, त्यातच डावीकडे बसून उजव्या हाताने गिअर टाकायचा, म्हणून थोडे जास्त भाडे देऊन ऑटोमॅटिक गाडी घ्या आणि ती लवकर राखून ठेवा. कारण अशा गाड्या कमी असतात. तुमचे नावही दुसरी चालक म्हणून घालून ठेवा, घाट म्हणावा असा रस्ता तिथे नाही.

वेगमर्यादा पाट्यांवर प्रत्येक वेळी लिहिलेली नसते, ती तुम्हाला ठाऊक असावी अशी अपेक्षा असते. लाल चौकटीतली गावाच्या नावाची पाटी दिसली की ताशी ५० सुरू, आणि तेच नाव तिरक्या रेघेने खोडलेले दिसले की गाव संपले. गावाबाहेरच्या दुपदरी रस्त्यांवर २०१८ पासून सर्वसाधारण मर्यादा ८० आहे, काही जिल्ह्यांनी काही रस्त्यांवर ती पुन्हा ९० केली आहे. महामार्गावर १३०, आणि पाऊस असेल तर ११०. कॅमेरे भरपूर आहेत, दंडाची चिठ्ठी गाडी देणाऱ्या कंपनीमार्फत घरी येते आणि त्यावर कंपनी आपले शुल्कही लावते.

नवख्या माणसाला खरा धोका उजवीकडून येणाऱ्याच्या हक्काचा आहे. जिथे कोणतीही पाटी नाही अशा चौकात, विशेषतः जुन्या गावांच्या आत, उजवीकडच्या गल्लीतून येणाऱ्या गाडीला आधी जाऊ द्यायचे असते, मग ती गल्ली बैलगाडीएवढी का असेना. पांढऱ्या कडेचा पिवळा चौकोन कोपऱ्यावर उभा केलेला दिसला तर तुमचा रस्ता मुख्य आहे, तोच काळ्या रेघेने खोडला असेल तर तो हक्क संपला. गोल चौकात मात्र उलट आहे, आत फिरणाऱ्यांना आधी जाऊ द्यायचे. दिशादर्शक पाट्या उत्तर-दक्षिण अशा नसतात, पुढच्या गावाच्या नावाने असतात, म्हणून शेजारी बसणाऱ्याने वाटेतल्या चार गावांची नावे कागदावर लिहून ठेवावीत. फोनवरचा नकाशा दोन मिनिटे वाचवण्यासाठी तुम्हाला अक्रोडाच्या बागेतून एका गाडीच्या रुंदीच्या रस्त्यावर नेतो. समोरून ट्रॅक्टर आला की त्या दोन मिनिटांचे व्याज फिटते.

आमची फजिती बाजाराच्या दिवशी झाली. एका गावात आदल्या रात्री चौकात छान मोकळी जागा मिळाली म्हणून गाडी लावली आणि सकाळी आठ वाजता खाली आलो तर त्या जागी चीजचा ठेला होता. गाडी उचलून नेली होती, ती सोडवण्यात दंड आणि अर्धा दिवस दोन्ही गेले. चूक सर्वस्वी माझी होती, कारण पाटी होती, मी ती वाचली नव्हती. पार्किंगच्या पाटीवर ‘मार्शे’ म्हणजे बाजार हा शब्द आणि वाराचे नाव दिसले तर त्या वाराच्या आदल्या रात्री तिथे गाडी ठेवू नका. काही ठिकाणी निळ्या रेघांची जागा असते, तिथे पैसे नसतात पण पोहोचल्याची वेळ दाखवणारी पुठ्ठ्याची चकती काचेमागे ठेवावी लागते. ती तंबाखूच्या दुकानात मिळते.

पंपावर ‘गाझॉल’ म्हणजे डिझेल. हिरव्या-पिवळ्या रंगांवर विसंबू नका, टाकीच्या झाकणावर लिहिलेले वाचा. रविवारी सुपरमार्केटचे पंप माणसांविना चालतात आणि फक्त कार्ड घेतात, एखादे परदेशी कार्ड नाकारतात. शनिवारी संध्याकाळी टाकी भरून ठेवा.

---

डबा_घेऊन

सासूबाईंच्या उपवासाचा उल्लेख वाचून मुद्दाम लिहिते आहे, कारण माझ्या आईबरोबर आम्ही हेच सगळे केले.

पेरिगोर म्हणजे या भागाचे जुने नाव, आणि पेरिगोरचे जेवण म्हणजे बदक. बदकाचे मांस, बदकाचे यकृत, आणि मुख्य म्हणजे बदकाची चरबी. आपण तेल किंवा तूप जिथे वापरतो तिथे तिकडचा स्वयंपाकी ही चरबी वापरतो. सार्लाच्या नावाने ओळखले जाणारे बटाट्याचे काप दिसायला आपल्या उपवासाच्या बटाट्यांसारखे आहेत, लसूण आणि कोथिंबिरीसारखा पाला सोडला तर हरकत घ्यावी असे काही दिसत नाही, आणि ते नेमके त्याच चरबीत परतलेले असतात. शाकाहारी आहोत एवढे सांगून भागत नाही, कारण पुष्कळ जणांच्या लेखी चरबी म्हणजे मांस नव्हे. “सां ग्रेस द कानार” म्हणजे “बदकाच्या चरबीविना” हे शब्द पाठ करा. लसणीच्या सारालाही हेच लागू आहे.

चांगली बाजू अशी की हा अक्रोडाचा प्रदेश आहे आणि सप्टेंबरअखेर नवा अक्रोड बाजारात येऊ लागतो. पेरिगोरच्या अक्रोडाला २००२ पासून संरक्षित नामांकन आहे. बाजारातून अक्रोड, अंजीर, द्राक्षे आणि सफरचंदे घेतली की सासूबाईंच्या फराळाची निम्मी सोय झाली. शेळीच्या दुधाचे रोकामादूर नावाचे छोटे चपटे चीज तुम्हा दोघांना आवडेल, पण चीज विरजताना वासराच्या जठरातले द्रव्य वापरतात हे ज्यांना चालत नाही त्यांनी विचारून घ्यावे. आमच्या आईने ते ऐकल्यावर चीजकडे पाहिलेही नाही.

हॉटेलऐवजी स्वयंपाकघर असलेले घर घ्या, तिकडे त्याला ‘झीत’ म्हणतात. जुलै-ऑगस्टमध्ये ही घरे बहुधा शनिवार ते शनिवारच देतात, पण सप्टेंबरअखेर चार-पाच रात्रींसाठी मिळतात. साबुदाणा, भगर, दाण्याचे कूट आणि शिंगाड्याचे पीठ पुण्याहून न्या. तूप, पेढे, दुधाची भुकटी मात्र नेऊ नका. युरोपीय संघाबाहेरून येणाऱ्या प्रवाशाला दुधाचे आणि मांसाचे पदार्थ सामानातून आणण्यास मनाई आहे आणि विमानतळावर ते काढून घेतात. तिथे पोहोचल्यावर ‘बर दू’ म्हणजे बिनमिठाचे लोणी घ्या आणि कढवा. त्या लोण्याचे तूप इतके सुरेख होते की माझी आई पुढचे चार दिवस त्याच्याविषयीच बोलत होती, किल्ल्यांविषयी नाही.

जेवणाच्या वेळांकडे लक्ष द्या. दुपारी दीडनंतर अनेक जेवणघरे नवे गिऱ्हाईक घेत नाहीत आणि रात्री साडेसातच्या आधी चूल पेटत नाही. रविवारी रात्री आणि सोमवारी बरीच बंद असतात. रोकामादूरला सोमवारी जाणार असाल तर पोळी-भाजीचा डबा बरोबर असू द्या.

---

कौलारू (प्रश्नकर्ती)

सर्वांचे मनापासून आभार. ल्वार आणि प्रोव्हान्स काढून टाकले आहेत, त्यामुळे घरात शांतता आहे.

नवा आराखडा असा : गुरुवारी सकाळी पॅरिसहून वेगवान रेल्वेने दोन तासांत बोर्दो, तिथे गाडी घेऊन कास्तियोंमार्गे मोंपाझिए आणि संध्याकाळी सार्लाजवळच्या झीतमध्ये मुक्काम. शुक्रवारी लास्कोची चित्रगुहा आणि रुफिन्याक. शनिवारी सकाळी गाडीने सार्लाचा बाजार, दुपारी कास्तेलनो आणि होडी. रविवारी दोम आणि बेनाक. सोमवारी रोकामादूर. मंगळवारी महामार्गाने बोर्दो आणि रेल्वेने पॅरिस. तीन शंका उरल्या आहेत. लास्कोची मूळ गुहा बंद आहे आणि दाखवतात ती प्रतिकृती आहे, तर तिथे जाण्यात अर्थ आहे का? रोकामादूरच्या पायऱ्यांचे काय? आणि घर सार्लाच्या आत घ्यावे की बाहेर?

---

जुना_नकाशा

लास्कोबद्दल मी उत्तर देतो. १२ सप्टेंबर १९४० रोजी मोंतिन्याकजवळ काही मुलांना ती गुहा सापडली, १९४८ मध्ये ती लोकांसाठी उघडली, आणि पाहणाऱ्यांच्या श्वासातील कार्बन डायऑक्साइड, ओल आणि दिव्यांचा उजेड यांमुळे भिंतींवर हिरवे शेवाळ व पांढरे क्षार चढू लागल्यावर १९६३ मध्ये मालरो यांनीच ती बंद केली. सध्याची संपूर्ण प्रतिकृती डिसेंबर २०१६ मध्ये सुरू झाली. अजिंठ्याच्या चित्रांची अवस्था ज्यांनी पाहिली आहे त्यांना या निर्णयाविषयी फार समजावे लागत नाही. प्रतिकृती अत्यंत काळजीने केलेली आहे, सगळी फेरी सपाटीवर आहे आणि बैलांच्या आकाराचा जो दणका बसतो तो खोटा नाही. मात्र लास्को आणि रुफिन्याक एकाच दिवशी असतील तर लास्को आधी ठेवा. अस्सल चित्रे पाहून झाल्यावर प्रतिकृतीकडे मन लागत नाही, उलट क्रमात दोन्ही आवडतात. लास्कोची वेळ आधी राखून ठेवावी लागते, इंग्रजी फेरीची विशेषतः.

---

गारोनकाठ

उरलेल्या दोन शंका आणि एक दुरुस्ती.

रोकामादूर तीन मजल्यांवर आहे : खाली एकाच रस्त्याचे गाव, मध्ये देवळांचा समूह आणि वर किल्ला. गावातून देवळांपर्यंत २१६ पायऱ्या आहेत, त्या यात्रेकरू गुडघ्यांवर चढत असत. तुमच्या सासूबाईंनी उद्वाहकाने जावे, त्यात पुण्य कमी होत नाही. वरच्या काळ्या मेरीच्या लाकडी मूर्तीसमोर त्या हात जोडतील याची मला खात्री आहे, माझी आईही थांबली होती. गावात शिरण्याआधी समोरच्या लोस्पिताले या वस्तीतून कड्याकडे पाहा, सकाळचे ऊन असेल तर गाव कड्यातून उगवल्यासारखे दिसते. दहाच्या आत पोहोचा.

घर सार्लाच्या वेशीजवळ, पायी दहा मिनिटांवर घ्या. अगदी आत घेतले तर सामान दगडी गल्ल्यांतून ओढावे लागेल आणि गाडी लांब राहील. दूर शेतात घेतले तर रात्रीचे सार्ला हुकेल, आणि ते हुकले तर मी वर लिहिलेले सगळे वाया.

दुरुस्ती शनिवारची आहे. त्या दिवशी गाडी घेऊन सार्लाच्या बाजाराला जाणे ही चूक ठरेल, नऊनंतर गावाभोवती गाड्यांच्या रांगा लागतात. झीत पायी अंतरावर असेल तर गाडी दारातच राहू द्या आणि सकाळी आठला चालत जा. भाजी आणि फळे घेऊन झाली की सेंत-मारी या जुन्या चर्चमध्ये शिरा. आता तिथे मंडई भरते, आणि झां नूव्हेल या वास्तुकाराने तिला बसवलेले पोलादाचे अवाढव्य दरवाजे पाहण्याजोगे आहेत. कास्तेलनो आणि होडी रविवारी ठेवा, बेनाक बाहेरूनच पाहा, आणि दोमला त्याच संध्याकाळी सूर्यास्ताच्या तासभर आधी पोहोचा. शनिवारची दुपार रिकामी राहते ती तशीच राहू द्या. ती रिकामी ठेवणे जमले नाही, तर मिलांदचा वाडा जवळ आहे. नर्तकी-गायिका जोसेफिन बेकर हिने तो १९४७ मध्ये विकत घेतला आणि दत्तक घेतलेल्या बारा मुलांना तिथे वाढवले. पुढे कर्जापायी तिला तो सोडावा लागला, आणि २०२१ मध्ये फ्रान्सने तिला पँथेऑनमध्ये, म्हणजे पॅरिसमधल्या थोरांच्या स्मारकात, मानाचे स्थान दिले. तिचे झगमगीत पोशाख तिथे मांडलेले आहेत. वरचे मजले जिन्याचे आहेत, पण बाग सपाट आहे.

---

चौथा_गिअर

एक राहिले. गुरुवारी बोर्दोमध्ये गाडी दुपारी बाराच्या सुमारास हातात येईल अशी रेल्वे निवडा. शहराभोवतीच्या वर्तुळमार्गावर संध्याकाळी पाचनंतर उजव्या बाजूने चालवण्याचा पहिला धडा घेऊ नये. मंगळवारी गाडी परत करताना कार्यालयाच्या वेळा आधी पाहा, लहान कार्यालये दुपारी जेवणासाठी दोन तास बंद असतात. आणि गाडी घेतानाच चारही बाजूंचे फोटो काढा, चाकांच्या कडांसकट.

---

कौलारू (प्रश्नकर्ती)

शनिवार बदलला, झीत सार्लाच्या वेशीवर मिळाले आहे आणि ऑटोमॅटिक गाडी राखून ठेवली आहे. सासूबाईंना लोण्याचे सांगितले. त्या विचारत आहेत की झीतमध्ये जाड बुडाचे पातेले असेल का, की इथूनच न्यावे.

---

डबा_घेऊन

असते. बिडाचे, झाकणासकट, आणि उचलायला दोन माणसे लागतील असे. झारा मात्र न्या.